समोरच्या उताराची वही ठेवा : भूगोलाच्या शिक्षकांना खुलं पत्र

शाळा-महाविद्यालयांत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

विस्तृत झिजेचा धडा तुम्ही दरवर्षी शिकवता. विदारणाने खडक सुटे होतात, गुरुत्वाकर्षणाने तो माल उतारावरून खाली येतो. चाल मंद असली तर मृदासर्पण, वेगवान असली तर दरड, भूस्खलन, पंकप्रवाह. फळ्यावर चार आकृत्या, वहीत चार व्याख्या, परीक्षेत ‘टीप लिहा’, आणि धडा संपतो. ज्या वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतो, तिथेही तो असाच संपतो. म्हणून हे पत्र. माझी मागणी एकच आहे. शाळेजवळचा एक उतार निवडा, त्यावर खुणा करा आणि त्या खुणा वर्षानुवर्षं मोजत राहा. एखाद्या वर्गाचा प्रकल्प म्हणून नाही. शाळेचं कायमचं काम म्हणून.

मी स्वतः बऱ्याच काळापासून एका उताराच्या नोंदी ठेवतो. तो उतार प्रसिद्ध नाही आणि तिथे काही भयंकर घडलेलंही नाही. माथ्याजवळची एक भेग पावसात थोडी उघडते, कोरड्या महिन्यांत आहे तिथेच थांबते, पुढच्या पावसात आणखी थोडी उघडते. एवढंच. पण हे ‘एवढंच’ कुठल्याही आकृतीतून कळत नाही. ते तारखा आणि आकडे एकाखाली एक लिहिल्यावरच दिसायला लागतं.

भूरूपं घडवणाऱ्या बहुतेक क्रिया विद्यार्थ्याच्या हाताला लागत नाहीत. भूपट्टांची चाल मोजायला उपग्रह लागतात, हिमनदी बहुतेकांना आयुष्यात दिसत नाही. उतारावरची माती मात्र टेप आणि खिळ्यांनी मोजता येते. भूस्खलनांचे अभ्यासक क्रूडन आणि वार्न्स यांनी १९९६ मध्ये मांडलेली भूस्खलनांच्या वेगाची श्रेणी मुलांना जरूर दाखवा. तिच्या तळाला वर्षाला १६ मिलिमीटरहून कमी सरकणारे ‘अतिशय मंद’ उतार आहेत आणि माथ्याला सेकंदाला ५ मीटरहून अधिक वेगाने येणारे लोंढे, ज्यांच्यापुढे माणूस धावूच शकत नाही. दोन्ही टोकं एकाच तक्त्यात आहेत, कारण दोन्हीकडे ओढणारं बल तेच आहे. मधल्या पायऱ्यांवर उतार कधी चढतो हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही.

चिलीतल्या चुकिकामाता इथल्या तांब्याच्या खाणीत १९६९ साली हे फार ठळकपणे दिसलं. खाणीच्या एका बाजूचा प्रचंड उतार हलू लागला होता. अभियंत्यांनी त्याच्या सरकण्याचा आलेख काढला, तो वळण घेऊन वर चढतोय हे पाहिलं, आणि तो पुढे वाढवून १८ फेब्रुवारी ही तारीख काढली. अंदाज जानेवारीतला होता. उतार १८ फेब्रुवारीलाच कोसळला. इतका नेमका अंदाज विरळा असतो हे खरं, पण त्यामागचा विचार शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखा आहे. जपानच्या फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये तो आणखी सोपा केला : वेग न मांडता त्याचा व्यस्तांक, म्हणजे १ भागिले वेग, मांडायचा. समजा रोजची सरक १, १.२५, १.६७, २.५, ५ मिलिमीटर अशी वाढत गेली. नुसत्या आकड्यांतून फारसं काही बोध होत नाही. आता व्यस्तांक घ्या : १, ०.८, ०.६, ०.४, ०.२. सरळ रेषा! आणि ती उद्या शून्याला टेकणार, म्हणजे उतार उद्या कोसळेल असा अंदाज. आलेखवहीच्या एका पानावर मावणारं हे गणित आहे. शाळेने ठोकलेल्या खिळ्यांवरून कोणी अशी भाकितं करू नयेत. पण वेग वाढतोय, स्थिर आहे की मंदावतोय एवढं ओळखायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे.

आता निवडीबद्दल. उतार निवडताना आधी त्याच्यावर चढू नका. समोरच्या बाजूला जा. समोरून बघितलं की त्याचा आकार कळतो. एकसंध उताराला माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक ओघ असतो. जिथे तो तुटतो तिथे थांबायचं. वरच्या अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचा छोटा कडा, त्याच्या खाली चक्क डोंगराच्या बाजूला कललेला सपाट तुकडा, आणि सगळ्यात खाली पोटासारखा फुगवटा, हे तिन्ही एका रेषेत दिसले तर तिथली जमीन कधीतरी वक्र पृष्ठावरून फिरून घसरली आहे. त्या मागे कललेल्या तुकड्यावर अनेकदा पाणी साचतं, लव्हाळ्यासारखी पाणथळीतली झाडं उगवतात. कोरड्या उतारावर मधेच हिरवी पट्टी का, हा प्रश्न मुलांना विचारा. पाणी कुठून बाहेर पडतंय हे शोधायला त्याहून चांगली सुरुवात नाही.

मृदासर्पणाच्या खुणा शोधताना मात्र फार सावध राहा. पाठ्यपुस्तकांतलं लाडकं चित्र म्हणजे बुंध्यापाशी वाकून वर सरळ झालेलं झाड. पण झाड उजेडाकडेही वाकतं, कोवळं असताना बर्फाच्या किंवा पडलेल्या फांदीच्या भाराखालीही वाकतं. एका झाडावरून काहीच सिद्ध होत नाही. उतारावरच्या बारीक पायऱ्यांचंही तेच. त्यांत गुरांच्या खुरांचा वाटा किती आणि मातीच्या चालीचा किती, यावर अभ्यासकांतही वाद आहेत. उतारावर आडव्या बांधलेल्या जुन्या भिंतीकडे बघा. भिंतीच्या वरच्या बाजूला माती चढलेली आणि खालच्या बाजूला पाया उघडा पडलेला असेल, तर तो जास्त भरवशाचा पुरावा आहे. त्यातही वाहत्या पाण्याने आणलेली माती वेगळी काढावी लागते. पुरावा आणि आभास यांतला हा फरक मुलांना उतारावर उभं राहून जसा कळेल तसा वर्गात कळणार नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं सगळ्यात मोठं फळ तेच आहे.

मोजणीची रीत साधी आहे, पण तिच्यात ढिलाई चालत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्के खिळे किंवा सळ्या ठोका. दोनाऐवजी तीन खुणांचा त्रिकोण केला तर सरक कुठल्या दिशेने आहे तेही कळतं. निदान एक खूण हलणाऱ्या भागाच्या पूर्ण बाहेर, उघड्या अभंग खडकावर हवी. तीच नसेल तर सगळ्याच खुणा एकत्र सरकतील आणि वहीत वर्षानुवर्षं ‘बदल नाही’ असं लिहिलं जाईल. उतारावर आडवी खुंट्यांची सरळ ओळ ठोकून दोन टोकांच्या स्थिर खुणांमध्ये दोरी ताणली की मधली कुठली खुंटी दोरी सोडून खाली गेली ते नजरेला दिसतं. सुट्या दगडांच्या उतारावर रंगाचा एक आडवा पट्टा मारून ठेवला तरी पुरतो. पट्ट्यातले रंगीत दगड पुढच्या वर्षी कुठे सापडतात ते मोजायचं.

चूक किती होऊ शकते हेही मुलांकडूनच काढून घ्या. पोलादी टेप उन्हात वाढतो. १० मीटरच्या टेपला २० अंशांचा फरक पडला तर लांबी दोन मिलिमीटरहून जास्त बदलते. वर्षाला एक-दोन मिलिमीटर सरकणारी माती त्या चुकीत पार बुडून जाईल. म्हणून मोजणी शक्यतो त्याच वेळी, त्याच टेपने करायची, प्रत्येक अंतर दोन वेगवेगळ्या मुलांनी एकमेकांचा आकडा न बघता वाचायचं, आणि दोन्ही आकडे लिहायचे. जुळत नसतील तरी लिहायचे.

धीर असलेल्या शाळांसाठी आणखी एक पद्धत आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटिश भूरूपशास्त्रज्ञ अँथनी यंग यांनी ती वापरली. उतारावर एक खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एका उभ्या रेषेत बारीक सळ्या आडव्या खोचायच्या, तळाच्या न हलणाऱ्या भागात एक संदर्भखूण ठेवायची आणि खड्डा बुजवून टाकायचा. काही वर्षांनी तो जपून उघडायचा. वरच्या सळ्या खालच्यांपेक्षा किती पुढे गेल्या, ते खोलीनुसार सर्पण कसं कमी होतं याचं थेट मोजमाप. आठवीतल्या मुलांनी बुजवलेला खड्डा त्यांची धाकटी भावंडं उघडतील. भूगोलाचा असा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

चिकाटीचं मोल केवढं असतं ते स्वीडनच्या आंडर्स राप यांच्या कामात दिसतं. उत्तर स्वीडनमधल्या कार्केवागे नावाच्या एका दरीत त्यांनी १९५२ ते १९६० या काळात उतारावरून खाली येणारा सगळा माल मोजायचं ठरवलं : पडणारे दगड, हिमलोट, मातीचे घसारे, सर्पण, आणि पाण्यात विरघळून जाणारे क्षारसुद्धा. हिशेब झाला तेव्हा सगळ्यात वरचा आकडा विरघळून जाणाऱ्या क्षारांचा निघाला. डोळ्यांत भरणाऱ्या दरडींना जो मागे टाकतो तो वाटा डोळ्यांना दिसतच नव्हता. मोजलं नसतं तर कोणी मानलं नसतं.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आपल्या शिकवण्यात दुरुस्ती हवी आहे. ‘पाणी वंगणासारखं काम करतं, म्हणून जमीन घसरते’ हे वाक्य सर्रास सांगितलं जातं. मातीच्या बलाचा अभ्यास करणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९५० मध्येच ते खोडून काढलं होतं. मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात म्हणून त्यांच्यात घर्षण असतं, आणि त्या घर्षणावर उतार उभा असतो. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्याचा दाब वाढला, की तो वरचा भार काही अंशी स्वतःवर घेतो. कण एकमेकांवर तितके दाबले जात नाहीत, घर्षण घटतं आणि उतार सुटतो. याशिवाय भिजलेली माती जडही होते. हा फरक किरकोळ नाही. वंगण म्हटलं की उपाय सुचत नाही. पाण्याचा दाब म्हटलं की लगेच सुचतो : पाणी आत शिरू देऊ नका, शिरलेलं बाहेर काढा. उतारावरची फुटकी जलवाहिनी, बुजलेला चर, माथ्यावर सोडलेलं सांडपाणी धोकादायक का, ते मुलं स्वतःच सांगतील. उताराचा पायथा खणणं का वाईट, तेही तिथेच समजावता येईल : खालचा फुगवटा निरुपयोगी ढीग दिसतो, पण वरचा भार तोच अडवून धरत असतो. झाडं तोडल्याचा परिणाम उशिरा दिसतो. तोडलेल्या झाडांची मुळं काही वर्षं मातीत टिकतात, मग कुजतात, आणि नवी मुळं जोर धरेपर्यंत उतार सगळ्यात दुबळा असतो. तोड विस्मरणात गेल्यावर दरड येते आणि दोष एकट्या पावसावर जातो.

म्हणून वहीत पावसाचा रकाना हवाच. पर्जन्यमापक अनेक शाळांत असतो, नसला तर सरळ बाजूंच्या डब्यातही मोजता येतं. भूरूपशास्त्रज्ञ नेल्सन केन यांनी १९८० मध्ये जगभरच्या दरडींच्या ७३ घटना तपासून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचा संबंध मांडला. त्यांची रेषा तासाभरासाठी साधारण १५ मिलिमीटरच्या आसपास आणि चोवीस तासांसाठी एकूण १०० मिलिमीटरच्या आसपास येते. त्याखाली उथळ घसारे क्वचितच झाले. प्रत्येक प्रदेशाची रेषा वेगळी असते, त्यामुळे हा आकडा धोक्याची घंटा म्हणून कुठेही डकवू नका. मात्र आधीच्या तीन-चार दिवसांचा पाऊस जोडून बघायची सवय लावा. खोलवरचे घसारे तर पाऊस थांबल्यावर कित्येक दिवसांनीही हलतात.

एवढं सांगून झाल्यावर मला एक कटू गोष्ट सांगायची आहे. नुसत्या मोजणीने कोणाचा जीव वाचत नाही. इटलीतल्या वायोंत धरणावर १९६० पासून जलाशयाकाठच्या मोंते तोक डोंगराची चाल मोजली जात होती. दोन किलोमीटर लांबीची भेग पडली होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. जलाशय भरला की वेग वाढतो आणि उतरवला की घटतो हेही आकड्यांत दिसत होतं, आणि त्यावरूनच पाण्याची पातळी सांभाळून डोंगर सांभाळता येईल असा भरवसा बाळगला गेला. ऑक्टोबर १९६३ च्या सुरुवातीला सरक दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंत पोचली. ९ ऑक्टोबरच्या रात्री २६ कोटी घनमीटरहून जास्त खडक जलाशयात कोसळला, लाट धरणावरून पलीकडे गेली आणि सुमारे २,००० माणसं मेली. धरणाची भिंत उभीच राहिली. आकडे होते, त्यांचा अर्थ लावून माणसं हलवायचा निर्णय नव्हता.

वेल्समधलं अ‍ॅबरफॅन तर शिक्षकांनी विसरूच नये. कोळशाच्या खाणीतला टाकाऊ माल डोंगरावर, झऱ्यांच्या वर रचला होता. ते झरे नकाशांत दाखवलेले होते. शाळेच्या मागच्या ढिगाचा धोका पत्रांतून कळवला गेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो ढीग सुटला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. याउलट स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ गावावरच्या डोंगराची चाल सतत मोजली जात होती. वेग वाढल्यावर मे २०२३ मध्ये शंभरहूनही कमी वस्तीचं ते गाव रिकामं केलं गेलं. लोक महिनाभर बाहेर राहिले, आणि १५ जूनच्या रात्री डोंगर खाली आला. ढिगारा गावातल्या शाळेच्या इमारतीसमोर येऊन थांबला. कोणाला इजा झाली नाही. मोजणी दोन्हीकडच्या डोंगरांची झाली होती, वायोंतच्याही आणि ब्रिएन्झच्याही. ब्रिएन्झमध्ये आकडा वाढल्यावर पुढे कोणी काय करायचं ते ठरलेलं होतं.

तुमच्या वहीलाही तसा पत्ता हवा. नोंदी सुरू करतानाच स्थानिक आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला लेखी कळवा की आम्ही अमुक उतार मोजतो आहोत, आणि वर्षातून एकदा आकड्यांची प्रत पाठवा. नवी भेग, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, दारं-खिडक्या अडकू लागलेलं घर, यांतलं काही दिसलं तर वार्षिक प्रतीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कळवायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा कळवायचं. दरडप्रवण गावांच्या याद्या आणि नकाशे उपयोगी असतात, पण ते पुरे पडत नाहीत. माळीणनंतर नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती. यादी करणाऱ्यांना प्रत्येक उतारापाशी पोचता येणार नाही. शाळा मात्र बहुतेक उतारांपाशी आधीच पोचलेल्या आहेत.

मुलांच्या सुरक्षेत तडजोड नको. पाऊस चालू असताना आणि जोरदार पावसानंतरचे काही दिवस उतारावर जायचं नाही, आकडा चुकला तरी चालेल. घळीत, ताज्या कड्याखाली किंवा लटकत्या दगडांखाली कधीच उभं राहायचं नाही. जो उतार वेगाने हलतोय असं दिसेल तो शाळेचा विषय उरत नाही. तो तज्ज्ञांच्या हवाली करायचा आणि आपण दुरून, ठरलेल्या एकाच जागेवरून फोटो काढत राहायचं. फोटोची जागा दगडावर रंगाने खुणावून ठेवली आणि चौकटीत कुठलीतरी न हलणारी वस्तू घेतली, तर मोबाइलच्या साध्या फोटोंनीही बरंच काही मोजता येतं. आणि हेही मुलांपासून लपवू नका की काही दरडी कुठलीही पूर्वसूचना न देता येतात. कड्यावरून सुटलेला दगड किंवा घळीतून आलेला चिखलाचा लोंढा आपल्या खिळ्यांना कळवून येत नाही. ‘आकडा स्थिर आहे’ याचा अर्थ ‘इथे घर बांधा’ असा कधीच होत नाही.

शेवटची विनंती वहीबद्दलच. शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, आणि उत्साहाने सुरू झालेल्या नोंदी कपाटात हरवतात. म्हणून ही वही हजेरीपटासारखी शाळेच्या दप्तरात नोंदवून घ्या. पहिल्या पानावर स्थिर खुणा कुठे आहेत त्याचा नकाशा, प्रत्येक खुणेचा फोटो, टेपचं वर्णन आणि मोजणीची रीत लिहा. इतकी स्पष्ट, की उताराला कधीही न भेटलेल्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजता यावं. पहिला आकडा पावसाआधी घ्या. दुसरा पाऊस संपून जमीन वाळल्यावर.

आपला,
एका उताराच्या नोंदी ठेवणारा